इथलीच

"इथलीच," ती म्हणाली आणि हातातलं वर्तमानपत्र पुन्हा दगडाभोवती गुंडाळायला लागली.

मी तिला विचारलं होतं, तुम्ही मूळच्या कुठल्या? तिचं "इथलीच" ऐकून मला वाटलं, प्रश्न तिला नीट कळला नसावा. म्हणून मी तोच प्रश्न जरा घोळवून पुन्हा विचारला. नाही, म्हणजे अगदी मूळच्या? तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकल्यासारखं. चिकटपट्टीचा तुकडा फाडून तिनं एका बोटाला लावून ठेवला होता, तेच बोट खाली विटांच्या फरशीकडे केलं. "इथलीच." मग दगड पिशवीत घातला, सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि आईकडे बघून हसली. माझ्याकडे बघून नाही. ही मार्चमधली गोष्ट. आता नोव्हेंबर लागलाय. एवढ्या महिन्यांत त्या बाईशी मी मनातल्या मनात पुष्कळदा बोलले, आणि दर वेळी तो प्रश्न बदलून पाहिला.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी वाईहून माझ्याकडे आली होती. आम्ही पॅसाडीनाला राहतो. तिथून मेट्रोनं युनियन स्टेशनला उतरायचं, त्या जुन्या स्टेशनच्या उंच छताखालून बाहेर पडायचं, समोरचा रस्ता ओलांडला की प्लाझा, म्हणजे जुना चौक, आणि प्लाझाला लागून ओल्व्हेरा स्ट्रीट, मेक्सिकन बाजाराची गल्ली. लॉस एंजेलिसमध्ये पाहुणा आला की त्याला ज्या ठरलेल्या जागा दाखवतात त्यातली ही एक. एकोणीस वर्षांत मी किती जणांना तिथं नेलं असेल, आणि दर वेळी आधीच सांगून टाकलं असेल की हे काही खरं मेक्सिको नव्हे बरं का, प्रवाशांसाठी सजवलेलं आहे. आईलाही गाडीत तेच सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असू दे की. सजवलेलंच बघायला जातो ना आपण जत्रेला."

रंगपंचमी दोन दिवसांवर आली होती, त्यामुळे तिच्या मनात बावधनचं बगाड होतं. तिकडे आता भैरवनाथाच्या देवळापाशी दुकानं मांडत असतील, बैलांची तयारी चालली असेल, आणि आपण इथं, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. प्लाझात शिरल्यावर मात्र ती गप्प झाली. तिथली ती थोराड झाडं, जमिनीबाहेर भिंतीसारख्या उठलेल्या त्यांच्या मुळ्या. तिनं बुंध्यावर हात ठेवला. "वडच आहे गं हा. पारंब्या तेवढ्या नाहीत." वडाच्याच कुळातलं झाड ते, ऑस्ट्रेलियातून आणून लावलेलं. मी तसं सांगितलं. "कुठून का असेना," ती म्हणाली, "सावली चांगली धरलीय." खाली बाकांवर म्हातारी माणसं बसली होती, एक जण गिटार लावत होता, एक पोरगी लाल सरबताचा मोठा पेला घेऊन उभी होती. आईनं एक घोट घेऊन पाहिला आणि भुवया उंचावल्या. आंबट, तुरट, थोडा गोड. अंबाडी! ओळखीची बाई परक्या गावात अचानक समोर यावी तशी तिची मुद्रा झाली. इथं त्याला हामाइका म्हणतात, पण लाल अंबाडीच्या बोंडांचंच ते पाणी.

गल्ली तशी एवढीशी. सावकाश चाललं तरी पाच मिनिटांत संपेल. खाली विटा, दोन्ही अंगांना जुन्या इमारती, आणि मधोमध लाकडी छपरांची चिमुकली दुकानं ओळीनं. पुएस्तो म्हणतात त्यांना. डोक्यावर कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका. वाऱ्यानं त्या सळसळल्या की खालच्या माणसांच्या अंगावर जाळीदार सावल्या हलतात. कच्च्या चामड्याचा वास, त्यात तळणीतल्या चुरोंचा आणि दालचिनीचा, त्यात मेणबत्त्यांचा. लाकडी बाहुल्या, गिटारी, पट्ट्यापट्ट्यांच्या घोंगड्या, कुस्तीचे मुखवटे. चामड्याच्या वाद्या विणून केलेल्या हुआराचे चपला टांगल्या होत्या. आईनं एक जोड उतरवला, तळ वाकवून पाहिला, शिवण नखानं उचकून पाहिली, नाकाशी नेला. "हे कमावलेलं चामडं नाही वाटत चांगलं," असं हळूच मला म्हणून परत टांगला. दुसरा घेतला, तो पसंत पडला. दुकानदार पोरगा तिच्या हातांकडे बघत होता. जिनसा पारखणारं माणूस कुठल्याही बाजारात ओळखू येतं.

भरतकामाच्या झंपरांच्या दुकानात मी तिला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडते म्हणून. तिथं टिकल्या लावलेला भरजरी घागरा टांगला होता. चीना पोब्लाना म्हणतात त्या वेषाला, मेक्सिकोचा अगदी अस्सल, लोकनृत्यांत हमखास दिसणारा. त्याचं नाव एका हिंदुस्थानी बाईशी जोडलेलं आहे. सतराव्या शतकात चाच्यांनी पळवलेली ही मुलगी मोगलांच्या मुलखातली म्हणतात. कोचीन, मनिला असं करत ती गुलाम म्हणून आकापुल्कोच्या बंदरात उतरली आणि पुएब्ला शहरात राहिली. तिकडे पूर्वेकडून आलेल्या सगळ्यांनाच चिनी म्हणत, म्हणून ती चिनी ठरली. कातारिना दे सान हुआन हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. १६८८ साली ती वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. तो घागरा तिचा नव्हेच, नंतर कधीतरी ही कथा त्याला चिकटली, असं अभ्यासक सांगतात. आईनं सगळं ऐकून घेतलं. "तिला आपलं गाव आठवत असेल का गं?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या दुकानात आईला चिंच सापडली. गरात साखर, मीठ आणि लाल तिखट घालून वळलेल्या गोळ्या. शाळेबाहेर पाटीवाली बाई कागदावर द्यायची तसल्याच, फक्त इथं त्या झुळझुळीत वेष्टनात. दुकानातल्या मुलीनं सांगितलं, ही मेक्सिकोची खास मिठाई, तामारिंदो. खरं तर या नावातच आपण आहोत. अरबांनी चिंचेला 'तम्र हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदची खजूर, त्याचं पुढं हे झालं. आणि हिंदची म्हणावं तर चिंचेचं झाड आफ्रिकेतलं, फार पूर्वी आपल्याकडे आलेलं. आईच्या माहेरच्या विहिरीवरची चिंच म्हणजे आमच्या घरची सगळ्यांत जुनी वस्ती. तिच्याबद्दल असं काही ऐकून घ्यायची आईची तयारी नव्हती. गोळी चघळत ती पुढं निघाली.

आणि मग ते दगडांचं दुकान आलं.

मोल्काहेते म्हणजे तीन पायांवर उभा असलेला दगडी खल, काळा, खरबरीत, सच्छिद्र. सोबत मुठीत मावेल असा बत्ता, तो तेहोलोते. आई त्याच्यापुढं बसलीच खाली, उकिडवी, गुडघ्यांचं दुखणं विसरून. हा ज्वालामुखीचा दगड, बेसाल्ट. आपला सह्याद्री उभा आहे तोच हा दगड, फक्त हा जास्त भोकाभोकांचा. तिनं तळवा आतून गोल फिरवला, बोट चोळलं, बोटावर आलेली करडी भुकटी मला दाखवली. मग बत्ता घेऊन काठावर हलकेच आपटला आणि कान देऊन ऐकलं. सिमेंट ओतून केलेले नकली खलही बाजारात येतात. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं दगड वाजवून पाहिलाच. "टाकी बरी घातलीय," ती त्या बाईला म्हणाली. मराठीत. आमच्या लहानपणी टाकी घालणाऱ्या बायका हाळी देत गल्लीतून जायच्या, पाटा गुळगुळीत झाला की आजी त्यांना ओसरीवर बसवायची आणि दुपारभर छिन्नीचा ठक ठक आवाज चालायचा. ठिणग्या उडाल्या की आम्ही पोरं मागं सरकायचो. पुएस्तोवाल्या बाईला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. पण आईनं बोटावरची भुकटी दाखवल्याबरोबर ती म्हणाली, "आर्रोस." तांदूळ. आणि हातानं वाटून दाखवलं, एकदा, दोनदा, तीनदा, फेकून द्या, पुन्हा. मग "साल", मीठ. "आहो", लसूण. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तेव्हा आई म्हणाली, "कळलं मला. आधी तांदूळ, पांढरे येईस्तोवर. मग खडेमीठ. आपलं तसंच."

दोघी बराच वेळ दगडावर वाकून बोलत राहिल्या. एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये. मी पैसे काढून उभी. मला आनंद झाला होता, खरोखर झाला होता, आणि त्या आनंदाच्या भरातच मी तो प्रश्न विचारला.

आमच्याकडे हा प्रश्न मायेचा मानतात. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला आई पाचव्या मिनिटाला विचारते, कुठलं गाव तुमचं? मग गावावरून भावकी निघते, भावकीतून कुणाची तरी नणंद निघते, आणि पाचवडला उतरताना त्या बाईच्या पिशवीतली दोन कणसं आईच्या पिशवीत आलेली असतात. मूळ गाव विचारणं म्हणजे धागा टाकणं. मी त्यातच वाढले. पण हाच प्रश्न मला इथं कितीदा विचारला गेला. मी म्हणते, पॅसाडीना. समोरचा हसून म्हणतो, नाही, खरं म्हणजे कुठल्या? त्या 'खरं म्हणजे'पाशी काहीतरी बंद होतं. एकोणीस वर्षांचं घर, इथं जन्मलेला मुलगा, भरलेले कर, अंगणात लावलेला कढीपत्ता, सगळं एका शब्दात पाहुण्याचं होऊन जातं. घरी येऊन मी नवऱ्याला तणतणून सांगितलेलं आहे, हे लोक असं का विचारतात म्हणून. आणि त्या दुपारी तोच प्रश्न मी तसाच, दोनदा विचारला.

मायेचा म्हटलं, पण तेही पुरतं खरं नाही. पुण्यात लग्नाआधी मी आणि माझी मैत्रीण खोली शोधत होतो. घरमालकांनी चहा दिला, आडनावं विचारली. माझं ऐकून पुढं गेले. तिचं ऐकून थांबले. "मूळचे कुठले तुम्ही?" तिनं तालुक्याचं नाव सांगितलं. "ते झालं हो, पण त्या गावात कुठले?" तिनं कप खाली ठेवला. त्या प्रश्नाचा अर्थ तिथल्या चौघांनाही कळत होता. खोली मिळाली नाही. जिन्यात मी म्हणाले, जाऊ दे, दुसरी बघू. ती काही बोलली नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मी तिच्या बाजूची आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

दगड घेऊन आम्ही प्लाझात परत आलो तेव्हा आईला दम लागला होता. ती बाकावर टेकली. जवळच शहर वसवणाऱ्यांच्या नावांची पाटी आहे. इतक्यांदा तिथून गेले होते, पण वाचली त्या दिवशी. ४ सप्टेंबर १७८१ या दिवशी अकरा कुटुंबांनी हे गाव वसवलं. अकरा पुरुष, अकरा बाया, बावीस पोरं, एकूण ४४ माणसं. नावापुढं वय आहे, आणि वयाबरोबर वंशही आहे. इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, मुलातो म्हणजे गोऱ्या-काळ्यांची मिश्र संतती, निग्रो, मेस्तिसो म्हणजे स्पॅनिश आणि इंडियन यांची मिश्र संतती, स्पॅनिश. म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश कारकुनानं प्रत्येकाला तोच प्रश्न विचारून घेतला होता. निम्म्याहून अधिक लोकांत आफ्रिकेचं रक्त होतं. आज ज्याला सगळं जग चित्रपटांचं शहर म्हणतं त्याचे मूळपुरुष हे, मेक्सिकोच्या उत्तरेकडून चालत आलेले, निम्मेअधिक काळे किंवा सावळे शेतकरी. आणि त्यांच्याही आधी इथं टोंग्वा लोकांचं यांगना नावाचं गाव होतं. ते कुणाच्या नोंदीत वसवलं गेलं नाही, कारण ते होतंच. पुढं १८४८ च्या तहात कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आलं, आणि न हललेली माणसं एका सहीनं दुसऱ्या देशात गेली. हे सगळं मी उभ्यानं आईला सांगत होते. ती पाटीवरच्या पोरांची वयं मोजत होती. "चार वर्षांची, दोन वर्षांचा, एक वर्षाची. एवढी लेकरं घेऊन आल्या बाया."

बाजाराचा इतिहास मला त्याआधीही माहीत होता, आणि त्यावरूनच मी त्याला देखावा म्हणत आले. १९२० नंतरच्या दशकात ही गल्ली पार घाणीत गेली होती. शहरातलं सगळ्यांत जुनं उभं घर, १८१८ सालचं आविला अडोबी, पाडायला काढलं होतं. क्रिस्टिन स्टर्लिंग नावाच्या बाईनं हट्ट धरला. वर्तमानपत्राच्या मालकाला, हॅरी चँडलरला, गळ घालून पैसे उभे केले, तुरुंगातले कैदी मजूर म्हणून मिळवले. रोज रात्री मी प्रार्थना करते की पोलिसांनी एखादा गवंडी आणि एखादा नळवाला पकडावा, असं तिनं रोजनिशीत लिहून ठेवलंय. आपण ते वाचतो आणि हसतो. मी आता हसत नाही, कारण ते कैदी कोण असतील हा प्रश्न मनात येतो. १९३० च्या ईस्टरच्या रविवारी बाजार उघडला. बाईंच्या मनातलं मेक्सिको असं होतं: गिटार, फुलं, रंगीत घागरे, हसरी माणसं. विक्रेत्यांनी तसेच कपडे घालून उभं राहायचं. तिच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, ती नसती तर आज इथं गाड्या लावायची जागा असती. आणि तिच्या स्वप्नाबद्दल मला राग आहे. दोन्ही एकदमच आहेत, एकानं दुसरं पुसलं जात नाही.

कारण आम्ही बसलो होतो तोच तो चौक. २६ फेब्रुवारी १९३१. बाजार उघडून वर्षही झालं नव्हतं. दुपारी पोलीस आणि इमिग्रेशनचे लोक आले, त्यांनी प्लाझातून बाहेर पडायच्या वाटा अडवल्या आणि उन्हात बसलेल्या सुमारे ४०० माणसांना जागच्या जागी बसवून एकेकाचे कागद तपासले. कुठले तुम्ही? कधी आलात? कशावरून? प्रत्यक्ष धरून नेली ती मोजकीच माणसं, पण दहशत सगळ्या वस्तीत पसरली, आणि त्यासाठीच ते होतं. मंदी होती, कामं नव्हती, आणि दोष द्यायला माणसं हवी होती. पुढच्या काही वर्षांत गाड्या भरभरून मेक्सिकोला गेल्या. त्यात कितीतरी जण याच देशात जन्मलेले, तो देश कधी न पाहिलेले. कॅलिफोर्नियानं त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ साली. म्हणजे गल्लीत सजवलेले मेक्सिकन हवे होते, आणि दीडशे पावलांवरच्या बाकावर बसलेले खरे मेक्सिकन नको होते. एकाच शहराला, एकाच वर्षी.

गल्लीतल्याच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक भिंत आहे, तीही त्या दिवशी आईला दाखवली. दावीद आल्फारो सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला १९३२ साली इथं भित्तिचित्र काढायला सांगितलं. विषय होता उष्ण कटिबंधातली अमेरिका. सांगणाऱ्यांच्या मनात फळांनी लगडलेली झाडं आणि पोपट होते. त्यानं रान काढलं, पडकं देऊळ काढलं, आणि मधली जागा रिकामी ठेवली. अनावरणाच्या आदल्या रात्री तिथं दुहेरी क्रुसाला बांधलेला आदिवासी माणूस काढला, आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला अमेरिकेचा गरुड. गल्लीतून दिसणारा भाग लवकरच चुन्यानं पोतला गेला, काही वर्षांत उरलेलाही. मग ऊनपावसानं चुना पातळ होत गेला आणि साठच्या दशकाच्या शेवटी खालचा माणूस पुन्हा दिसायला लागला. गेटी संस्थेनं फार कष्टानं ते जतन केलं. रंग पुन्हा भरले नाहीत, उरलंय तेवढंच सांभाळलं. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, बरोबर ऐंशी वर्षांनी, ते लोकांना खुलं झालं. आता छतावरच्या सज्जातून दिसतं, फिकट, राखाडी, जुन्या घरातल्या भिंतीवर ओल यावी तसं. आई बराच वेळ बघत होती. "कुणी बांधलं याला?" मी म्हटलं, तेच दाखवलं म्हणून तर पुसलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली पताका हलत होत्या, चुरोंचा वास वरपर्यंत येत होता.

एप्रिलमध्ये आई परत गेली. वाईला तिचा पाटा आहे, पण आता गुडघ्यांमुळं पाट्यावर बसवत नाही. हा खल ओट्यावर उभ्यानं वापरता येतो. बॅगेचं वजन भरलं तेव्हा तिनं दोन स्वेटर काढून ठेवले आणि दगड ठेवला. जूनमध्ये इथं शहरात इमिग्रेशनच्या धरपकडी सुरू झाल्या. बांधकामाच्या सामानाच्या दुकानांबाहेर कामाची वाट बघत उभी असलेली माणसं, गाड्या धुणारी माणसं. तोंड झाकलेले लोक गाडीतून उतरायचे. शहरात लष्करी गणवेश दिसायला लागले. आमच्या गल्लीत बागकाम करायला येणारा म्हातारा दोन महिने आला नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं, तो पासपोर्ट खिशात घेऊन फिरतो, नागरिक आहे तरी. मीही माझा घेऊन फिरायला लागले. त्या दिवसांत मला ते बोट सारखं दिसायचं. चिकटपट्टी लावलेलं, खाली विटांकडे वळलेलं. मी दोन पावलांवरून, गोड आवाजात, तिला तेच विचारलं होतं.

दसऱ्याला फोन केला तेव्हा आई तोरण ओवत होती. भाव काय, फूल कसं आलंय, पावसानं किती भिजलं, हे सगळं झाल्यावर मी सांगितलं की झेंडू आपला नव्हे, मेक्सिकोतून आलेला. सेम्पासूचिल म्हणतात, म्हणजे वीस पाकळ्यांचं फूल. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांसाठी त्यानंच वाट सजवतात, वासानं त्यांना घर सापडावं म्हणून. निशिगंधही तिकडचा. चिकूही. ती सुई ओवत असावी, जरा वेळ काही बोलली नाही. "वास उग्र आहे खरा," ती म्हणाली. "आमचे हे यायचे तर त्यांना मात्र गाव सापडायला झेंडू नको. ते एसटी स्टँडवरनं डोळे मिटून येतील."

परवा मी एकटीच गेले. गल्लीत नेहमीसारखी गर्दी नव्हती. काही दुकानं बंद होती, उघडी होती त्यांच्या दारात झेंडू होता. परड्या, माळा, पाकळ्यांचे सडे. दगडांच्या दुकानातल्या त्या बाईनं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी पुएस्तोच्या एका कोपऱ्यात छोटी वेदी मांडली होती. मेणबत्ती, साखरेची कवटी, पाण्याचा पेला, मिठाची वाटी, पावाचा तुकडा. मध्ये कृष्णधवल फोटो. एक तरुण बाई घागरा घालून याच लाकडी छपराखाली उभी, मागं मातीची भांडी टांगलेली. ती हसत नव्हती. मी फोटोकडे बघतेय हे पुएस्तोवालीनं पाहिलं. "आबुएला," ती म्हणाली. आजी. मी मान डोलावली. ती कधी आली, कुठून आली, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. एवढंच म्हणाले की फुलं ताजी आहेत.

तिनं मला ओळखलं नव्हतं. मी खलांपुढं वाकले, एकात बोट चोळलं आणि भुकटी पाहिली, तेव्हा ओळखलं. "तुमची आई!" ती एकदम इंग्रजीत म्हणाली. "त्यांनी दगड वाजवून पाहिला होता." मी म्हटलं, तो आता भारतात आहे, तिच्या ओट्यावर. तिला फार नवल वाटलं. इतक्या लांब? विमानात? मग तिनं विचारलं, तांदूळ किती वेळा वाटले? मी म्हटलं, पाच वेळा. चौथ्यापर्यंत करडे येत होते, पाचव्याला पांढरे आले. ती समाधानानं "बुएनो" म्हणाली. आता काय वाटतात त्यात? मी सांगितलं, चटणी. लसूण, शेंगदाणे, लाल तिखट, मीठ.

"थांबा," ती म्हणाली. पावतीपुस्तक उलटं करून तिनं पेन काढलं. लसूण लिहिला, शेंगदाणे लिहिले, मग पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "कच्चे की भाजून?"

"भाजून," मी म्हटलं. "सालं काढून."